डिकोडिंग प्लेअरमध्ये की रिसीव्हरमध्ये: ५.१ अडलं की काय काय तपासायचं

होम थिएटरच्या ५.१ आवाजाच्या (पाच स्पीकर आणि एक वूफर) बहुतेक तक्रारी शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात. डिस्कवरचा डिजिटल आवाज उलगडायचं काम, म्हणजेच डिकोडिंग, प्लेअरनं अर्धं केलेलं असतं, रिसीव्हरनं (ज्या डब्याला सगळे स्पीकर जोडलेले असतात त्यानं) अर्धं, किंवा दोघांनीही ते एकमेकांवर ढकललेलं असतं. यंत्र खराब क्वचितच निघतं. खाली लक्षणं आधी दिली आहेत आणि मग तपासण्या. आधीच्या तपासण्यांना फक्त रिमोट लागतो, नंतरच्यांना वायर बदलावी लागते आणि शेवटच्यांना मेकॅनिक.

लक्षणं

- डिस्कच्या वेष्टनावर डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ (ब्लू-रेवरचे वरच्या दर्जाचे आवाजाचे प्रकार) छापलंय, रिसीव्हरवर मात्र नुसतं 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'डीटीएस' दिसतं.
- रिसीव्हर 'पीसीएम' दाखवतो आणि आवाज फक्त समोरच्या दोन स्पीकरमधून येतो. किंवा प्रो लॉजिकसारखा, दोन चॅनलमधून मागचा आवाज तयार करणारा मोड लागून मागून अंदाजपंचे काहीतरी वाजत राहतं.
- रिसीव्हर 'मल्टी चॅनल' दाखवतो, सगळे स्पीकर वाजतात, पण डॉल्बीचं नाव येत नाही म्हणून मन खट्टू होतं.
- अ‍ॅटमॉसची डिस्क आहे, छतावरचे स्पीकर गप्प आहेत.
- चित्र येतं, आवाज अजिबात नाही. किंवा डॉल्बीच्या डिस्क वाजतात आणि डीटीएसच्या मुक्या राहतात.
- जोरदार खरखर, सतत 'शSSS'.
- सिनेमा वाजतो, पण डिस्कच्या मेनूतल्या बटणांचा आवाज किंवा पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चित्रचौकटीतल्या दिग्दर्शकाच्या गप्पा ऐकू येत नाहीत.
- सीडीच्या प्रत्येक गाण्याचा पहिला अर्धा-एक सेकंद गिळला जातो.
- संवाद हळू, स्फोट दणदणीत. किंवा उलट, सगळंच सपाट.
- वूफर एकदम दमलेला किंवा एकदम उन्मत्त.

यातलं तिसरं लक्षण बहुतेक वेळा बिघाड नसतोच. शेवटून दुसऱ्यात मात्र दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात.

आधी एवढं समजून घ्या

बिटस्ट्रीम म्हणजे डिस्कवर जसा आवळून ठेवलाय तसाच्या तसा आवाज. तो रिसीव्हरकडे जातो आणि रिसीव्हर तो उलगडतो. पीसीएम म्हणजे प्लेअरनं आधीच उलगडून, एकेका स्पीकरचा वेगळा करून पाठवलेला आवाज.

ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे दोन्ही प्रकार उलगडल्यावर मूळ ध्वनिमुद्रणाचा एकही बिट गमावत नाहीत. त्यामुळे एचडीएमआयनं जोडलेलं असताना हा आवाज प्लेअरनं उलगडला काय आणि रिसीव्हरनं उलगडला काय, स्पीकरपर्यंत पोचणारे आकडे तेच असतात. सोनीच्या पहिल्या, जाडजूड प्लेस्टेशन ३ ला ट्रूएचडी बिटस्ट्रीम देताच येत नव्हता. तो सगळं आत उलगडून ७.१ पीसीएम पाठवायचा आणि त्यात काहीही कमी नसायचं. पुढच्या स्लिममध्ये बिटस्ट्रीमची सोय आली आणि डिस्प्लेवर नाव झळकायला लागलं, एवढाच फरक.

मग निवड का करायची? कारणं चार आहेत.

पहिलं अ‍ॅटमॉस आणि डीटीएस:एक्स, म्हणजे वरून, छताकडूनही आवाज देणारे प्रकार. ब्लू-रेवर अ‍ॅटमॉस ट्रूएचडीच्या आत दडलेला असतो आणि डीटीएस:एक्स डीटीएस-एचडीच्या आत. प्लेअरनं पीसीएम केलं की ७.१ उरतं आणि उंचीची माहिती गळून पडते. हे ऐकायचं असेल तर डिकोडिंग रिसीव्हरमध्येच व्हायला हवं, दुसरा मार्ग नाही.

दुसरं कारण वायर. ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्शियलमधून दोन चॅनलचा पीसीएम किंवा साधा डॉल्बी डिजिटल/डीटीएस ५.१ एवढंच जातं. ट्रूएचडी जात नाही आणि सहा चॅनलचा पीसीएमही जात नाही. म्हणजे ऑप्टिकल वायर असताना प्लेअरवर 'पीसीएम' ठेवलं की ५.१ मेलंच, उरतो स्टिरिओ. सर्वांत जास्त घरांत सापडणारी चूक हीच. तिथे बिटस्ट्रीमच ठेवायचं. ट्रूएचडीच्या ब्लू-रेवर सोबतीला साधा डॉल्बी डिजिटल ट्रॅक असतोच, आणि डीटीएस-एचडीच्या पोटात साध्या डीटीएसचा गाभा असतो. प्लेअर आपण होऊन तो काढून देतो. ब्लू-रेवर हा डॉल्बी डिजिटल ६४० किलोबिटपर्यंत असतो, डीव्हीडीवर ४४८ पर्यंत. त्यामुळे जुन्या रिसीव्हरला ऑप्टिकलनं जोडलेला ब्लू-रे सुद्धा डीव्हीडीपेक्षा उजवा वाजू शकतो.

तिसरं, रिसीव्हरचं वय. ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडीचा बिटस्ट्रीम एचडीएमआयमधून पाठवायची सोय १.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २००६ पासून आली. त्याआधीचे एचडीएमआय रिसीव्हर मल्टीचॅनल पीसीएम आनंदानं घेतात, पण बिटस्ट्रीम दिला की गप्प बसतात. तिथे प्लेअरनंच उलगडायचं. त्या काळातले काही स्वस्त रिसीव्हर तर एचडीएमआयमधलं चित्र नुसतं पुढे ढकलायचे, आवाज काढून घ्यायचेच नाहीत. अशा रिसीव्हरला एचडीएमआय जोडूनही वेगळी ऑप्टिकल वायर लागते. मॅन्युअलमध्ये 'पास-थ्रू' किंवा 'रिपीटर' यापैकी कोणता शब्द आहे ते बघा. रिपीटर असेल तर आवाज घेतो.

चौथं कारण पुष्कळांच्या लक्षात येत नाही: आवाजाच्या सेटिंगा त्याच यंत्रातल्या लागू पडतात जे डिकोडिंग करतं. बिटस्ट्रीम जात असताना प्लेअरमधलं 'डायनॅमिक रेंज' बदलून काही होत नाही. पीसीएम जात असताना रिसीव्हरमधली तीच सेटिंग निकामी होते. लोक तासभर चुकीच्या यंत्रावर बटणं दाबत बसतात.

तात्पर्य, एचडीएमआय आणि बऱ्यापैकी नवा रिसीव्हर असेल तर बिटस्ट्रीम. जुना एचडीएमआय रिसीव्हर असेल तर पीसीएम. ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्शियल असेल तर बिटस्ट्रीम. सहा अ‍ॅनालॉग वायरी असतील तर डिकोडिंग प्लेअरमध्येच. आता तपासण्या.

१. टेस्ट टोन

रिसीव्हरच्या स्पीकर मेनूत 'टेस्ट टोन' असतो. तो लावा. 'शSS' आवाज एकेका स्पीकरमधून फिरत जातो: डावा, सेंटर, उजवा, मागचे, शेवटी वूफर. हा आवाज रिसीव्हरच्या आतच तयार होतो, प्लेअरचा त्याच्याशी संबंध नाही. सगळे स्पीकर वाजले तर अ‍ॅम्प्लिफायर, वायरी आणि स्पीकर ठीक आहेत आणि गोंधळ आधीच्या टप्प्यात आहे. एखादा वाजला नाही तर बिटस्ट्रीम-पीसीएमची चर्चा तिथेच थांबवा. रिसीव्हरच्या मागे त्या स्पीकरच्या वायरीची शेजारच्या स्पीकरच्या वायरीशी अदलाबदल करून बघा (आधी रिसीव्हर बंद करून, नाहीतर सुटा तंतू दुसऱ्या टर्मिनलला लागून रिसीव्हर स्वतःला वाचवायला बंद पडेल, म्हणजे 'प्रोटेक्शन' लागेल). बिघाड वायरीबरोबर सरकला तर वायर किंवा स्पीकर खराब. जागेवरच राहिला तर रिसीव्हरचा चॅनल गेला, आणि ते काम घरचं नाही.

२. डिस्कवर खरोखर काय आहे

हे तपासायला पैसा लागत नाही आणि तरीही लोक शेवटी तपासतात. अनेक डिस्कवर इंग्रजी ट्रॅक ट्रूएचडी किंवा अ‍ॅटमॉसमध्ये असतो आणि हिंदी डब साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये. भाषा हिंदी ठेवली की रिसीव्हर 'डॉल्बी डिजिटल' दाखवणारच, आणि ते बरोबर आहे. जुन्या हिंदी डीव्हीडींवर बहुतेकदा डॉल्बी आणि डीटीएस असे दोन वेगळे ट्रॅक असत. रिमोटवरच्या 'ऑडिओ' बटणानं बदलून बघा.

व्हीसीडी अजून जपून ठेवलेल्यांसाठी: तिच्यावर एमपेग-१ लेअर २ हा दोन चॅनलचा आवाज असतो आणि बहुतेक रिसीव्हरना तो उलगडता येत नाही. तिथे प्लेअरनं पीसीएम करणं भागच आहे. काही प्लेअरमध्ये 'एमपेग' म्हणून वेगळी सेटिंग असते, ती पीसीएमवर ठेवायची. व्हीसीडी मुकी आणि डीव्हीडी बोलकी असेल तर कारण हेच.

३. रिसीव्हर काय दाखवतोय

रिसीव्हरच्या रिमोटवर 'इन्फो', 'स्टेटस' किंवा 'डिस्प्ले' बटण असतं. त्यावर आत आलेला सिग्नल आणि वाजतोय तो मोड हे दोन वेगवेगळे दिसतात. बघायचं ते पहिलं. बऱ्याच मॉडेलवर चॅनलच्या छोट्या चौकटी उजळतात. दोनच उजळल्या तर प्लेअर स्टिरिओ पाठवतोय. सहा उजळूनही मागचे स्पीकर गप्प असतील तर रिसीव्हरच 'स्टिरिओ' किंवा 'प्युअर डायरेक्ट' मोडमध्ये अडकलाय. हेडफोनच्या भोकात काही खोचलेलं नाही ना, तेही बघून घ्या.

ट्रूएचडी दिसतंय पण अ‍ॅटमॉस दिसत नाही, अशा वेळी प्लेअरवर राग काढू नका. रिसीव्हरच्या स्पीकर मेनूत उंचीचे स्पीकर 'आहेत' असं सांगितलेलं नसलं तर काही मॉडेल अ‍ॅटमॉस उलगडतच नाहीत आणि ट्रूएचडी म्हणून वाजवून मोकळे होतात.

४. प्लेअरमधली दुय्यम आवाजाची सेटिंग

पोस्टमधली सर्वांत उपयोगाची तपासणी ही. ब्लू-रेवर मुख्य आवाजाखेरीज मेनूच्या बटणांचे आवाज आणि चित्रचौकटीतलं निवेदन असा दुय्यम आवाज असतो. तो मुख्य आवाजात मिसळायचा तर प्लेअरला आधी मुख्य आवाज उलगडावा लागतो, त्यात हा घालावा लागतो आणि बिटस्ट्रीम हवा असेल तर पुन्हा आवळावा लागतो. पुन्हा आवळताना तो ट्रूएचडी करत नाही, साधा डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस करतो. म्हणून प्लेअर 'बिटस्ट्रीम'वर असूनही रिसीव्हरवर ट्रूएचडी येत नाही.

सोनीच्या प्लेअरमध्ये ही सेटिंग 'बीडी ऑडिओ मिक्स' (बीडी म्हणजे ब्लू-रे डिस्क) नावानं मिळते, पॅनासॉनिकमध्ये 'बीडी-व्हिडिओ सेकंडरी ऑडिओ' नावानं. दोन्ही बंद करा. सॅमसंगच्या प्लेअरमध्ये बिटस्ट्रीमचेच पर्याय वेगवेगळे असतात: 'अनप्रोसेस्ड' हवा, 'री-एन्कोडेड' नको. एलजीमध्ये 'प्रायमरी पास-थ्रू' हवा, 'डीटीएस री-एन्कोड' नको. प्लेस्टेशन ४ वर डिस्क चालू असताना 'ऑप्शन्स' दाबून ऑडिओ फॉरमॅटमध्ये 'बिटस्ट्रीम (डायरेक्ट)' निवडायचं, 'मिक्स' नाही. ही निवड कन्सोलच्या मुख्य सेटिंगमध्ये शोधत बसलात तर सापडणार नाही. एक्सबॉक्सवर ब्लू-रेच्या सेटिंगमध्ये 'रिसीव्हरला डिकोड करू द्या' अशा अर्थाची खूण असते.

आणि याचा उलटा परिणाम म्हणजे सातवं लक्षण. दुय्यम आवाज बंद केला की मेनूचे टिकटिक आवाज आणि चौकटीतल्या गप्पा जातातच. त्या हव्या असतील तेवढ्यापुरतं चालू करा. एचडीएमआय असेल तर आणखी चांगला उपाय म्हणजे दुय्यम आवाज चालू ठेवून प्लेअरवर पीसीएम निवडणं. मग पुन्हा आवळायची गरजच पडत नाही. अ‍ॅटमॉस नसलेल्या घरात ही मांडणी कायमची ठेवली तरी हरकत नाही.

५. डिजिटल आउटपुट, डाउनमिक्स आणि डीएसडी

आता मुख्य सेटिंग. सोनीत 'ऑटो' आणि 'पीसीएम' असे पर्याय असतात, इथे 'ऑटो' म्हणजेच बिटस्ट्रीम. पॅनासॉनिकमध्ये डॉल्बी आणि डीटीएससाठी दोन वेगळ्या ओळी असतात. डॉल्बी वाजतो आणि डीटीएस मुका, असं असेल तर आधी या दोन ओळी सारख्या आहेत का बघा.

जवळच 'डाउनमिक्स' असतं: 'सराउंड' किंवा 'स्टिरिओ'. हे प्लेअर स्वतः ५.१ ला दोन चॅनलमध्ये कोंबतो तेव्हाच लागू होतं, बिटस्ट्रीमला नाही.

एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) ऐकणाऱ्यांसाठी: तिचा डीएसडी आवाज (तिच्यावरचा वेगळा डिजिटल प्रकार) ऑप्टिकलमधून बाहेर येतच नाही, तशी मुभा नाही. एचडीएमआयमधून डीएसडी जातो, पण रिसीव्हरला तो घेता आला पाहिजे. रिसीव्हर गप्प बसला तर प्लेअरची डीएसडी सेटिंग बंद करा, तो पीसीएम करून देईल. साध्या सीडीत मात्र उलगडण्यासारखं काही नसतंच, ती जन्मतःच १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ पीसीएम असते.

६. रिसीव्हरमधली नेमणूक आणि डिकोड मोड

मागच्या बाजूला 'ऑप्टिकल १' असं लिहिलेलं असतं, पण ते सॉकेट कोणत्या नावाला जोडलंय हे मेनूतल्या 'इनपुट असाइन'वर ठरतं. कारखान्यातून ते 'टीव्ही' किंवा 'सीडी'ला दिलेलं असतं आणि तुम्ही 'बीडी' निवडून वाट बघत बसता.

दुसरं, काही रिसीव्हरवर 'डिकोड मोड' असतो: ऑटो, पीसीएम, डीटीएस. चुकून डीटीएसवर गेला की बाकी सगळं मुकं होतं. ऑटोवर ठेवा. अपवाद एकच. सीडीच्या गाण्याची सुरुवात तुटत असेल तर रिसीव्हर दर वेळी 'हे पीसीएम आहे की बिटस्ट्रीम' हे ओळखण्यात तो अर्धा सेकंद घालवत असतो. सीडीच्या इनपुटपुरता मोड पीसीएमवर पक्का करा, तुटणं थांबेल.

खरखरीचं कारणही याच भागातलं. डीटीएसचा बिटस्ट्रीम एखाद्या यंत्रानं पीसीएम समजून थेट वाजवला की कानठळ्या बसवणारी 'शSSS' येते. डीटीएसची ऑडिओ सीडी असेल किंवा ऑप्टिकलला स्वस्तातला डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग डबा लावला असेल तर हे हमखास होतं. ते डबे फक्त दोन चॅनलचा पीसीएम ओळखतात. असा डबा असेल तर प्लेअर पीसीएमवर टाका. पण आधी व्हॉल्यूम पार खाली घ्या. ही खरखर पूर्ण ताकदीनं येते आणि ट्वीटर जाळू शकते.

७. संवाद हळू, आवाज सपाट, पातळीत फरक

संवाद ऐकू येत नाहीत आणि स्फोटांनी शेजारी उठतात, ही सिनेमाच्या मूळ मिश्रणाची तऱ्हा आहे. ते दाबायला डीआरसी (म्हणजे वर आलेली 'डायनॅमिक रेंज'ची सेटिंग) असतं, 'नाइट मोड' किंवा 'लेट नाइट' नावानंही. रात्री चालू करा. दिवसा ते चालू राहिलं तर सगळं सपाट वाटतं. 'ऑटो' ठेवलं तर ट्रूएचडीत डिस्कवरच्या खुणेप्रमाणे ते आपोआप लागू शकतं, म्हणून शंका असेल तर स्पष्ट 'ऑफ' करा. आणि वर सांगितलंय तसं, डिकोडिंग करणाऱ्या यंत्रात करा.

मात्र ५.१ सिनेमात संवाद एकदम नाहीसेच झाले असतील तर ते डीआरसीचं काम नाही. सेंटर स्पीकर नसताना रिसीव्हरच्या मेनूत तो 'आहे' म्हणून नोंदलेला असतो आणि संवाद तिकडे जातात. 'नाही' करा, आवाज डाव्या-उजव्यात वाटला जाईल.

पीसीएम बिटस्ट्रीमपेक्षा 'जास्त दमदार' वाजतो असा दावा वारंवार ऐकू येतो. त्यामागे बहुधा पातळीचा फरक असतो. डॉल्बीच्या बिटस्ट्रीममध्ये संवादाची पातळी सांगणारी खूण असते आणि डिकोडर तिच्यानुसार सगळा आवाज थोडा खाली घेतो. सिनेमाच्या डिस्कवर हा फरक बऱ्याचदा ४ डेसिबल असतो. काही रिसीव्हर सुरुवातीला हा आकडा क्षणभर दाखवतातही. दोन्हींची तुलना करायचीच असेल तर व्हॉल्यूम तेवढा वाढवून करा. पातळी सारखी केली की दावा बहुधा विरतो.

८. वायर आणि तिचा रस्ता

प्लेअर थेट रिसीव्हरला आणि रिसीव्हर टीव्हीला, हा सरळ रस्ता. प्लेअर टीव्हीला आणि टीव्हीमधून रिसीव्हरला, हा वाकडा रस्ता, आणि वाकड्या रस्त्यावर टीव्ही जकातदारासारखा बसलेला असतो. ऑप्टिकलमधून बरेच टीव्ही बाहेरच्या प्लेअरचा आवाज नुसता स्टिरिओ करून देतात. साधा एआरसी (टीव्हीमधला आवाज एचडीएमआयमधून उलटा रिसीव्हरकडे आणायची सोय) डॉल्बी डिजिटलपर्यंत ठीक, ट्रूएचडी त्यातून जात नाही. त्यासाठी दोन्हीकडे ईएआरसी, म्हणजे त्याची सुधारित आवृत्ती, लागतो, जो एचडीएमआय २.१ बरोबर आला. शिवाय सॅमसंगनं २०१८ पासूनच्या टीव्हींमधून आणि एलजीनं २०२० च्या मॉडेलपासून डीटीएस वगळलं होतं. म्हणून 'टीव्हीमधून घेतलं की डीटीएसच्या डिस्क मुक्या' ही तक्रार नव्या टीव्हीबरोबर घरात शिरते. रस्ता बदलता येत नसेल तर प्लेअरवर डीटीएस तेवढं पीसीएमला टाका. पूर्ण शांततेपेक्षा स्टिरिओ बरा.

प्लेअर ४के आणि रिसीव्हर जुना, ही जोडी अलीकडे फार दिसते. रिसीव्हरमधून नेलं की चित्र काळं पडतं किंवा १०८०पी वर उतरतं, कारण रिसीव्हरला एचडीसीपी २.२ हे कॉपी-संरक्षण माहीत नसतं. अशांसाठीच काही प्लेअरना दोन एचडीएमआय असतात: मुख्य टीव्हीला, 'ऑडिओ' असं लिहिलेलं रिसीव्हरला. चित्र आणि आवाज दोन्ही पूर्ण मिळतात. जुना रिसीव्हर मोडीत काढण्याआधी असा प्लेअर मिळतो का बघा.

मध्ये स्प्लिटर किंवा स्विच असेल तर काढून बघा. प्लेअर रिसीव्हरला 'तुला काय काय येतं?' असं विचारतो आणि 'ऑटो' सेटिंग त्या उत्तरावर चालते. स्वस्त स्प्लिटर मध्येच 'मला फक्त स्टिरिओ' असं उत्तर देऊन टाकतो.

ऑप्टिकल वायरीचं एक टोक काढून बघा, तांबडा उजेड दिसला पाहिजे. दिसत नसेल तर दुसरं टोक नीट बसलं नाही, प्लेअरमध्ये ऑप्टिकल आउटपुट बंद आहे, किंवा वायरीच्या टोकावरची प्लॅस्टिकची टोपी अजून तशीच आहे. उजेड असूनही आवाज तुटत असेल तर कपाटामागे वायर काटकोनात दुमडली असेल. सोनीच्या बऱ्याच प्लेअरवर ऑप्टिकल नसतं, केशरी रंगाचं कोअ‍ॅक्शियल असतं. त्याला ७५ ओहमची वायर लागते. जुन्या व्हीसीडी-डीव्हीडी प्लेअरबरोबर यायची ती पिवळ्या टोकाची व्हिडिओ वायर बहुधा त्याच जातीची असते आणि आवाज आणते. आधी ती लावून बघा, मग बाजारात जा.

९. एचडीएमआयची ओळख पुन्हा करून देणं

कालपर्यंत वाजत होतं आणि सेटिंग कुणी छेडली नाही, अशा वेळी तिन्ही यंत्रं भिंतीवरच्या बटणापासून बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि आधी टीव्ही, मग रिसीव्हर, शेवटी प्लेअर असं चालू करा. वरची विचारपूस नव्यानं होते. फरक पडला नाही तर तिन्हींवरचं सीईसी (एका रिमोटनं सगळी यंत्रं चालवायची एचडीएमआयची सोय) बंद करून बघा. टीव्ही स्वतःला आवाजाचा मालक समजून रिसीव्हर म्यूट करतो, असं यात घडतं.

त्यानंतर फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर. ते पेनड्राइव्हवरून किंवा नेटवरून टाकताना वीज जायला नको. इन्व्हर्टर नसेल आणि पावसाळ्यात विजेचा लपंडाव चालू असेल तर तो दिवस टाळा. अर्ध्यात थांबलेलं अपडेट म्हणजे मेलेला बोर्ड. फॅक्टरी रीसेट सर्वांत शेवटी, आणि त्याआधी स्पीकरची अंतरं, पातळ्या आणि क्रॉसओव्हरचे (कोणत्या सुराखालचा आवाज वूफरकडे जातो त्याचे) आकडे फोनवर टिपून घ्या.

१०. वूफरची गडबड आणि सहा अ‍ॅनालॉग वायरी

एचडीएमआयनं पीसीएम पाठवताना काही प्लेअर स्वतःची स्पीकर सेटिंगही लावतात. प्लेअरमध्ये स्पीकर 'स्मॉल' (खालचे सूर वूफरकडे पाठवायचे) आणि रिसीव्हरमध्येही 'स्मॉल' असले की खालचे सूर दोनदा छाटले जातात आणि ८० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. प्लेअरमध्ये सगळे स्पीकर 'लार्ज', वूफर 'आहे', अंतरं सारखी, असं ठेवा आणि पुढचं रिसीव्हरला बघू द्या. हे काम एकाच यंत्राचं.

सहा अ‍ॅनालॉग वायरी असतील तर नेमकं उलट. बहुतेक रिसीव्हर त्या इनपुटवर आलेला आवाज जसाच्या तसा अ‍ॅम्प्लिफायरला देतात: क्रॉसओव्हर नाही, अंतराची दुरुस्ती नाही, रूम करेक्शन (खोलीनुसार आवाज सुधारणं) नाही. म्हणून स्पीकरचे आकार आणि अंतरं प्लेअरमध्ये भरावी लागतात. वूफर दमलेला वाटण्याचं नेहमीचं कारण असं की डिस्कवर खालच्या परिणामांचा वेगळा चॅनल १० डेसिबल दाबून मुद्रित केलेला असतो आणि वाजवताना तेवढा वर काढायचा असतो. बिटस्ट्रीममध्ये हे रिसीव्हर करतो, अ‍ॅनालॉगमध्ये कधीकधी कोणीच करत नाही. काही रिसीव्हरमध्ये मल्टीचॅनल इनपुटच्या वूफरला १० किंवा १५ डेसिबल वाढवायचा पर्याय असतो. नसेल तर प्लेअरमध्ये वूफर १० नं वाढवा, किंवा तेवढी जागा नसेल तर बाकीचे पाच १० नं उतरवा आणि एकूण व्हॉल्यूम वाढवा. दोन्हीकडे वाढवलंत तर वूफर उन्मत्त होतो, ते लक्षण यादीत आहेच.

एचडीएमआय चालत असताना हा मार्ग मुद्दाम निवडू नये. दोनदा रूपांतर होतं आणि रूम करेक्शन जातं.

इथे थांबा

टेस्ट टोनमध्ये एक चॅनल मुका आहे आणि वायर बदलूनही तोच मुका राहतो. रिसीव्हर चालू होताच 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडतो, तेही सगळ्या स्पीकर वायरी काढून ठेवल्यावर. दोन वेगळे प्लेअर आणि दोन वेगळ्या वायरी लावूनही एकाही एचडीएमआयवर चित्र-आवाज नाही. जळका वास येतो. यांपैकी काहीही झालं तर पुढे तपासू नका आणि झाकण उघडू नका. रिसीव्हरमधले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही भारलेले राहतात.

सगळे एचडीएमआय एकदम गेले असतील आणि त्याआधी विजांचा पाऊस झाला असेल तर छतावरच्या डिशच्या केबलमधून सेट-टॉप बॉक्स आणि तिथून रिसीव्हर, असा झटका आला असण्याची शक्यता असते. मेकॅनिकला हे आवर्जून सांगा, त्याचा बोर्ड शोधायचा वेळ वाचतो. गॅरंटीत असेल तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर. गॅरंटी संपली असेल तर बोर्ड दुरुस्त करणारा कारागीर बघा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत तशी चौकशी करता येते. सोबत मॉडेल नंबर, टेस्ट टोनचा निकाल आणि कोणत्या वायरी, कोणते प्लेअर बदलून पाहिले ते लिहून न्या.

अमेरिकेतून कुणी आणून दिलेला रिसीव्हर असेल तर दुरुस्तीला नेण्याआधी मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचा. नुसतं १२० व्होल्ट लिहिलं असेल आणि तो थेट २३० ला लावला गेला असेल तर बहुधा पॉवर सप्लाय गेलेला आहे, डिकोडिंगचा संबंध नाही. ठीक असेल तर पट्टीवरच्या वॅटच्या आकड्यापेक्षा भरपूर मोठा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. तिकडच्याच ब्लू-रे डिस्क असतील तर त्या ए रिजनच्या (डिस्क कोणत्या देशांच्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारा विभाग) असू शकतात आणि आपल्याकडचे प्लेअर सी रिजनचे. ४के डिस्कला ती अडचण नाही.

एचडीएमआय बोर्डाचा खर्च रिसीव्हरच्या किमतीच्या जवळ जात असेल, अ‍ॅम्प्लिफायर शाबूत असेल आणि मागे ५.१ अ‍ॅनालॉग इनपुट असतील, तर मल्टीचॅनल अ‍ॅनालॉग आउटपुट असलेला जुना प्लेअर शोधा. ओप्पोचे असे प्लेअर चांगले होते. कंपनीनं २०१८ मध्ये ते बनवणं थांबवलं, पण वापरलेले मिळतात. घेण्याआधी लेझर तपासा: एक दुपदरी ब्लू-रे शेवटच्या अर्ध्या तासापर्यंत न अडखळता वाजली पाहिजे. मग दहावी तपासणी उघडून स्पीकरचे आकडे प्लेअरमध्ये भरायला घ्या.